देहस्वभाव आणि नवजीवन

छत्रपती संभाजीनगराहून करमाडवरून जालन्यास जाणाऱ्या रस्त्यावर आज शेंद्र्याच्या कारखान्यांची वर्दळ आहे. परंतु निजामाच्या अंमलात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, याच मुलुखात रेव्हरंड नारायण शेषाद्री या ब्राह्मण कुळात जन्मलेल्या धर्मोपदेशकाने दिवाण सर सालारजंग यांच्या मेहेरबानीने मिळालेल्या जमिनीवर, जालन्यानजीक, बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले, आणि त्यात बहुतांशी मांग समाजातील कुटुंबे राहावयास आली. ख्रिस्ती धर्मातील देहस्वभाव व नवजीवन यांचा विरोध जाणून घेऊ इच्छिणाऱ्याने ग्रंथांबरोबर या गावाचाही दाखला घ्यावा, असे माझे मत आहे.

प्रेषित पौलाच्या पत्रांतील या विरोधाचा विचार वरवर वाचणाऱ्यास वैराग्याचा उपदेश भासतो. वस्तुतः देह ही देवाची निर्मिती आणि त्याचेही पुनरुत्थान व्हावयाचे, ही ख्रिस्ती श्रद्धा आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात देहस्वभावाच्या कर्मांची जी यादी आहे, तीत जारकर्म व मद्यपान आहेतच; पण वैर, कलह, मत्सर, क्रोध, तट आणि फुटी यांनीच तिचा मोठा भाग व्यापिला आहे. देवाला व शेजाऱ्याला दूर सारून आपलेच खरे करणारी जी वृत्ती, ती देहस्वभाव होय; आणि विद्येचा, सोवळ्याचा, कुळाचा अभिमान तीत अनायासे येतो. तिच्यावर मनुष्य स्वपराक्रमाने जय मिळवीत नाही. बाप्तिस्म्यात तो ख्रिस्ताबरोबर मरतो, त्याच्याबरोबर उठतो, आणि हे सर्व कृपेने घडते.

नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईत झाला. त्यांचा अल्पवयी धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, तेव्हा वडिलांनी न्यायालयात दाद मागितली आणि मुलगा त्यांच्या हवाली झाला. मग परक्यांचे अन्न सेवन केलेल्या या मुलास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर मोठे रण माजले, आणि घ्यावे असे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष सोसावा लागला. एका घरातील एका मुलाच्या पोटात गेलेल्या घासाची चौकशी शहरभर चालली असता, दुसरा मुलगा पुढे मांगांमध्ये जाऊन राहिला, यात मला त्या सिद्धान्ताचे विवरण दिसते.

पंडिता रमाबाईंची साक्ष याच प्रकारची आहे. १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी धर्म लाभला पण ख्रिस्त लाभला नाही ही खंत त्यांना पुढे कित्येक वर्षे होती; ती निवल्यावर दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींसाठी केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले.

लक्ष्मीबाई टिळकांची कथा मला सर्वांत हृद्य वाटते. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. कालांतराने लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, पण आपले स्वयंपाकपाणी त्यांनी वेगळेच ठेविले. हा विटाळ देवाने निर्मिला नाही, माणसाने निर्मिला, असे मनाने घेतल्यावर त्यांनी तो सोडला, आणि बाप्तिस्मा त्यानंतर घेतला. पालट आधी पाण्याच्या भांड्याशी झाला!

जुने ते सर्व टाकाऊ, असे मात्र टिळकांनी मानिले नाही. तुकोबांचे ऋण ते उघडपणे सांगत. भजन आणि कीर्तन त्यांनी मंडळीत आणिले, आणि १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून ते साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरवू लागले. मनुष्य नवा होतो तेव्हा त्याची भाषा, त्याचे संत, त्याचा ताल मरत नाहीत, हे त्यांनी आपल्या समकालीन मिशनऱ्यांहून अधिक ओळखले होते.

आजही महाराष्ट्रातील कित्येक ख्रिस्ती घरांत सोयरिकीच्या बोलण्यात पूर्वीची जात विचारली जाते, याचे मला मनापासून दुःख होते. पौलाने देहस्वभावाच्या कर्मांची ती यादी परक्यांसाठी केलेली नाही. गलतीयातील बाप्तिस्मा घेतलेल्या मंडळ्यांना, एकमेकांस खाऊन टाकाल असा इशारा देऊन, ती लिहून पाठविली आहे.