आठ गाणी आणि शेरा 'ठीक'!

मुलामुलींनो, 'हेवी मेटल' म्हटलं की घरात लगेच दोन पक्ष पडतात, बरं का! दादा म्हणतो, "जबरदस्त!" आजी म्हणते, "बंद करा तो धांगडधिंगा!" गंमत म्हणजे, गाणं नीट ऐकलेलं दोघांपैकी कुणीच नसतं. म्हणून आज एक अख्खा अल्बम कान देऊन ऐकू या आणि मगच मत देऊ या.

अल्बमचं नाव 'व्हर्च्युअल इलेव्हन'. बँड लंडनचा, 'आयर्न मेडन'. बास गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसनं तो १९७५ साली सुरू केला. हा त्यांचा अकरावा अल्बम मार्च १९९८ मध्ये आला. फुटबॉलच्या संघातही खेळाडू अकराच. त्याच वर्षी फ्रान्समध्ये विश्वचषक होता आणि हॅरिस फुटबॉलवेडा! आता कळलं ना नाव कुठून आलं ते?

या बँडचं मेटल दणदणीत असतं, पण सुरेलही असतं. ते कसं? दोन गिटारी एकच धून वाजवतात, पण थोड्या अंतरावरच्या स्वरांवर. एक 'सा'वर असेल, तर दुसरी 'ग'वर. घरी पेटी असेल, तर हे दोन सूर एकदम वाजवून पाहा. किती गोड लागतात!

पहिलं गाणं 'फ्युचरियल' तीन मिनिटांच्या आत संपतं. छान, चपळ! दुसरं 'द एंजल अँड द गँब्लर' मात्र जवळजवळ दहा मिनिटांचं. त्याचं ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं, येतच राहतं. तुम्ही म्हणाल, भजनातही ध्रुपद परत परत येतं की! खरं आहे. पण तिथे लय वाढते, टाळ्या वाढतात, रंग चढतो. इथे ते जसंच्या तसं येतं. मग पाढे म्हणताना होतं तसं होतं. कान गाण्याकडे, लक्ष खिडकीबाहेर!

दुसरी अडचण आवाजाची. जुना गायक ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये बँड सोडून गेला आणि ब्लेझ बेली आला. त्याचा आवाज जड, खालच्या पट्टीचा. काही गाणी उंच चढतात, तिथे त्याची ओढाताण होते. पण दोष एकट्या त्याचा का? शाळेत प्रार्थनेची पट्टी फार उंच धरली, तर चांगल्या गळ्याचं मूलही चिरकतंच.

आता जमलेलं पाहू. 'द क्लॅन्समन' हे स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांचं गाणं. तेही नऊ मिनिटांचं, पण लांबलेलं वाटत नाही. हळुवार सुरू होतं आणि पायरी पायरीनं चढत जातं. शेवटचं गाणं १९८२ च्या फॉकलंड युद्धावर आहे. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांचं ते युद्ध. या ब्रिटिश बँडनं गाण्याला नाव मात्र अर्जेंटिनाच्या स्पॅनिश भाषेतलं दिलं: 'कोमो एस्ताइस आमिगोस', म्हणजे 'कसे आहात, मित्रांनो?' इथे बेलीचा जड आवाज अगदी शोभतो.

तर आठांपैकी दोन गाणी मनात राहतात, दोन-तीन बरी आहेत, बाकीची विसरायला होतात. माझा शेरा: 'ठीक'.

पण 'ठीक' म्हणजे टाकाऊ नव्हे. १९९९ मध्ये डिकिन्सन परत आला. जानेवारी २००१ मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात त्यानं अफाट गर्दीपुढे 'द क्लॅन्समन' गायलं, तेव्हा या साध्या अल्बममधलं ते गाणं झळाळून उठलं.

आवडत्या कलाकाराचं एखादं काम जमलं नाही असं म्हणणं, म्हणजे त्याच्याशी कट्टी नव्हे. आणि आई-बाबा, "बंद कर" म्हणण्याआधी एकदा विचारून पाहा, "यातलं तुला कुठलं आवडलं, आणि का?"

मुलांनो, तुम्हीही आवडता अल्बम घ्या. वहीत दोन रकाने आखा: 'जमलं' आणि 'नाही जमलं'. प्रत्येक गाण्यापुढे कारण लिहायचं. नुसतं "मस्त" किंवा "बोअर" लिहिलंत, तर मार्क नाहीत हं!