दंड

दंड म्हणजे काठी. वाटसरूचा आधार, गुराख्याचे साधन आणि मारण्याचे हत्यार अशा काठीच्या तिन्ही उपयोगांतून या शब्दाला धार्मिक, राजकीय व व्यावहारिक अर्थ प्राप्त झाले आहेत.

मुंजीत बटूच्या हाती पळसाचा दंड देतात. मनुस्मृतीत त्याचे लाकूड व उंची वर्णानुसार ठरवून दिली आहे. शांकर परंपरेतील दंडी संन्यासी एकच दंड धारण करतात. रामानुजमताचे यती तीन काठ्या एकत्र बांधलेला त्रिदंड बाळगतात. वाणी, मन व शरीर ज्याच्या ताब्यात आहेत तोच त्रिदंडी, असे मनू म्हणतो. येथे दंडाचा रोख दुसऱ्यावर नसून धारण करणाऱ्यावरच आहे.

ख्रिस्ती बिशपचा धर्मदंड वरच्या टोकाशी मेंढपाळाच्या आकडीसारखा वळलेला असतो. भाविक हा कळप व बिशप त्याचा राखणदार, ही त्यामागील कल्पना. पौर्वात्य चर्चमध्ये टोकाशी पुष्कळदा दोन सर्प असतात. पोप मात्र क्रूस असलेला दंड वापरतात. नांदेडसह मराठवाड्यासाठी कॅथलिक पंथाचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. या दंडाचे ‘क्रोझियर’ हे इंग्रजी नाव नेच्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानालाही लाभले आहे.

राजनीतीत दंड म्हणजे शासनाची सत्ता. कठोर दंडाने प्रजा त्रस्त होते, मृदू दंडाने राजाची अवहेलना होते, यथायोग्य दंड देणाराच पूज्य ठरतो, हे कौटिल्याचे मत प्रसिद्ध आहे. दंडाधिकारी, देहदंड हे शब्द याच अर्थाचे. शिक्षेवरून तो पैशाच्या शिक्षेवर आला, आणि विनाकारण पडलेल्या खर्चाला लोकांनी ‘भुर्दंड’ म्हटले. विधानसभेत अध्यक्षांसमोरील राजदंड उचलून सभासदांनी निषेध व्यक्त केल्याचे प्रसंग महाराष्ट्रात घडले आहेत. संसदेच्या नव्या इमारतीत २८ मे २०२३ रोजी ‘सेंगोल’ हा राजदंड ठेवण्यात आला.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) ४ हातांचा १ दंड व २,००० दंडांचा १ कोस असे कोष्टक आहे. कालमापनात दंड म्हणजे घटका, अर्थात २४ मिनिटे. लेखनात वाक्याच्या वा चरणाच्या शेवटची उभी रेघ हाही दंडच. मराठीत खांदा व कोपर यांमधील भागास दंड म्हणतात. पहिलवान तो थोपटून आव्हान देतो.

पडलेल्या काठीप्रमाणे जमिनीवर सरळ पालथे होऊन केलेला नमस्कार तो दंडवत. भोकरच्या उत्तरेस असलेले माहूर हे दत्तात्रेयाचे क्षेत्र महानुभावांनाही पवित्र आहे. या पंथात एकमेकांना भेटतानाही ‘दंडवत’ असेच म्हणतात. येथे काठी उगारलेली नाही, आडवी झालेली आहे.

विरलेल्या लुगड्याचा मधला भाग काढून उरलेले तुकडे शिवणीने जोडणे, यालाही ‘दंड घालणे’ म्हणतात. नवे लुगडे घेण्याची ऐपत नसलेल्या घरांत दंड घातलेले लुगडे वर्षानुवर्षे नेसले जाई.