परवाना-शुल्क आणि प्रेक्षकांचा विश्वास

आयर्लंडमध्ये दूरचित्रवाणी संच बाळगणाऱ्या कुटुंबाला सामान्यतः वर्षाला १६० युरो परवाना-शुल्क द्यावे लागते. २००८ पासून हा दर बदललेला नाही. हे शुल्क आणि जाहिराती यांवर आर. टी. ई. ही तेथील सार्वजनिक प्रक्षेपण संस्था चालते. तिची दूरचित्रवाणी ३१ डिसेंबर १९६१ रोजी सुरू झाली.

जून २०२३ मध्ये या व्यवस्थेला मोठा हादरा बसला. एका लोकप्रिय निवेदकाला २०१७ ते २०२२ या काळात जाहीर आकड्यांपेक्षा ३ लक्ष ४५ हजार युरो अधिक दिल्याचे उघडकीस आले. संस्थेच्या उलाढालीच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती. परंतु हजारो कुटुंबांनी शुल्क भरणेच थांबविले. न भरणाऱ्यालाही कार्यक्रम दिसतातच. त्यामुळे असे शुल्क कायद्याच्या धाकापेक्षा लोकांच्या संमतीवरच अधिक वसूल होते.

जुलै २०२४ मध्ये शासनाने शुल्क कायम ठेवले आणि तूट तिजोरीतून भरून काढत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी एकूण ७२ कोटी ५० लक्ष युरोंची हमी दिली. तूर्त संस्था तरली खरी. पण ज्या मंत्रिमंडळाच्या मंजुरीवर ती जगणार, त्यालाच तिने जाब कसा विचारावा? प्रेक्षकाच्या पैशाबरोबर निर्भयपणाही येत असे. तो परत मिळवावयाचा, तर प्रत्येक युरोचा हिशेब प्रेक्षकापुढे उघडा ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.