वीतभर इंजिनाच्या नळ्या

माझ्या टेबलावर पितळेचं एक वाफेचं इंजिन उभं आहे. लांबी जेमतेम वीतभर. बॉयलर, केबिन, मागचं कोळसा-पाण्याचं टेंडर, चाकं, सगळं जागच्या जागी आहे आणि ते रुळावर पळतंही. तरी त्याच्याकडे पाहिलं की खेळणंच दिसतं. त्याचं इंजिन व्हावं म्हणून गेले चार महिने मी रोज रात्री जेवणं आटोपली की तासभर त्याच्यापुढे बसतो आहे.

हे इंजिन वाय.पी. वर्गाचं. पुढे चार लहान चाकं, मध्ये सहा मोठी, मागे दोन. स्वातंत्र्यानंतर देशभरातल्या मीटरगेज मार्गांवर प्रवासी गाड्या ओढायला ही इंजिनं आली. कोल्हापूरला १८९१ मध्ये मिरजेहून पहिली गाडी आली तीही मीटरगेजचीच. संस्थानानं बांधलेला तो मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. त्यानंतर मिरजेच्या स्टेशनात तीन रुंदींचे रूळ नांदत होते: पुणे-कोल्हापूरचा ब्रॉडगेज, लोंढ्याकडे जाणारा मीटरगेज आणि पंढरपूरकडे जाणारा बार्शी लाइटचा अडीच फुटी. वाय.पी. मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथंच, पाणी भरून घेताना.

माझं प्रमाण १:८७ आहे. खऱ्या इंजिनाचं मोठं चाक १३७२ मिलिमीटर व्यासाचं, माझं पावणेसोळा मिलिमीटरचं. हे मोठे आकार सोपे असतात. धुरांडं आणि वाफेचा घुमट मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काढून घेतले. पण त्यापुढच्या कामाला उद्यमनगर पुरत नाही, तिथं गुजरीतल्या सराफाचा हात लागतो. बॉयलरच्या कडेनं जाणारा हातधरणीचा दांडा बत्तीस मिलिमीटर जाड धरला, तर ८७ नं भागून ०.३७ मिलिमीटर उरतात. एवढी बारीक तार, बोटभर कानशी, टोकदार चिमटे ही सगळी सराफी कामाची अवजारं. ती विकत मिळतात. सोनाराची बैठक मात्र स्वतः कमवावी लागते. कोपर टेबलावर टेकवायचं, श्वास रोखायचा आणि मगच चिमटा पुढे न्यायचा.

रिबिटांचं काम तसंच. पातळ पत्र्यावर मागच्या बाजूनं रेघ आखायची, खाली मऊ लाकूड ठेवायचं आणि बोथट सुईनं एकेक ठिपका दाबायचा, की पुढच्या बाजूला रिबिटाचं डोकं उठतं. शंभरातला एक ठिपका रेघ सोडून पडला, तर नजर नेमकी तिथंच अडकते आणि पट्टी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. माझ्या टेंडरची डावी बाजू तिसऱ्या पट्टीला जमली.

पण खरी परीक्षा नळ्यांची. सुरुवातीला मी फोटोत दिसेल तशी तार वाकवून चिकटवत गेलो. एकदा वाफेच्या इंजिनावर नोकरी केलेले एक वयस्कर काका घरी आले. त्यांनी मॉडेल हातात घेतलं, खालून पाहिलं आणि विचारलं, "वाळूची नळी रुळापर्यंत आलीच नाही. चढाला चाक घसरलं तर वाळू कुठं पडणार?"

मी ती नळी चाकाच्या मध्यावरच तोडली होती. फोटोत पुढचा भाग सावलीत होता. ओल्या रुळावर चाक जागीच फिरू लागलं, तर चाक आणि रूळ यांच्या सांध्यात वाळू पडली पाहिजे. म्हणून नळीचं तोंड चाकासमोर, रुळाच्या अगदी वर हवं. त्या संध्याकाळी काकांनी एकेक नळी बोटानं दाखवली. ही टेंडरातून इंजेक्टरकडे पाणी आणणारी. इंजेक्टर वाफेच्याच जोरानं ते पाणी बॉयलरमध्ये ढकलतो, आणि ते उलटं फिरू नये म्हणून बॉयलरला लागूनच झडप. ही इजेक्टरची; गाडीच्या ब्रेकसाठी हवा ओढून घ्यायची आणि स्मोकबॉक्समध्ये सोडायची. तेव्हापासून माझा नियम ठरला. नळी कुठून निघते, कुठं जाते आणि आतून काय वाहतं, हे सांगता आल्याशिवाय ती बसवायची नाही. मी दोन महिन्यांच्या नळ्या उतरवल्या.

पुन्हा बसवताना सोल्डरनं छळलं. पितळ उष्णता लगेच पसरवतं. एक सांधा झाळला की शेजारचा सुटतो. म्हणून आधीच्या सांध्यांना जास्त उष्णतेवर वितळणारं सोल्डर, नंतरच्यांना कमी उष्णतेचं, आणि शेजारी ओल्या कापसाचा बोळा. झडपेचा तो ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकडा बसवायला मला तीन रात्री लागल्या. तो बसला, नळी त्यात गेली, आणि पाण्याची वाट पुरी झाली. त्या नळीतून पाणी कधीच वाहणार नाही. पण टेंडरापासून बॉयलरपर्यंत नजर वाहत जाते, मध्ये कुठं अडत नाही.

आता रंग उरला आहे. काळ्या रंगाचे हात अगदी विरळ द्यायचे. जाड थर बसला तर सगळी रिबिटं बुजतील. मग टेंडरात खऱ्या कोळशाची चाळलेली भुकटी, आणि वाळूच्या नळीच्या तोंडाशी धुळकट रंगाचा एक टिपका.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. मुलांना तिथं जरूर न्या. आणि तुमच्या घरात, गल्लीत, ओळखीत कुणी वाफेच्या इंजिनावर काम केलेलं असेल, तर त्यांच्यापुढे इंजिनाचा एक फोटो ठेवा. कोणती नळी कशाची ते विचारा आणि त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा. फोटोत नळी दिसते. तिचं काम माहीत असलेली माणसं मात्र दरवर्षी कमी होत आहेत.