दापोडीची बाग, हिवऱ्याचे औषध

गेल्या माघात नारायणगावजवळच्या एका द्राक्षबागेत दोन रात्री मुक्काम केला. जुन्या दगडी घराची डागडुजी करून मालकांनी तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. ओसरीला सागवानी खांब, परसात आड, आणि कुंपणापलीकडे मांडवावर चढवलेले वेल. ऑक्टोबर छाटणीनंतर धरलेल्या घडांत नुकतेच पाणी उतरत होते. रात्री जेवताना मालक म्हणाले, "काका, आमच्याकडे इतिहास म्हणजे शिवनेरी. आणि वाइनचं म्हणाल, तर ती चाळीसेक वर्षांची गोष्ट."

वाइनपुरते ते खरे आहे. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळणाऱ्या वाइनचा कारखाना उभारला आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशात नेली. पुढे २००१ साली राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले. चौगुल्यांचा उद्योग नंतर बंद पडला, तरी बागा राहिल्या आणि त्यांच्या आधाराने पाहुण्यांचे मुक्कामही सुरू झाले.

मात्र मालकांचे पहिले वाक्य मला वेगळ्या कारणाने खटकले. मी राहतो त्या पिंपरी-चिंचवडबद्दलही लोक असेच बोलतात : औद्योगिक वसाहत आली तेव्हापासूनचे गाव, त्याआधी नुसती शेते. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. जुन्नर आणि दापोडी यांना जोडणारी एक बाग एकोणिसाव्या शतकात होती. तिचा हा थोडक्यात वृत्तान्त.

मुळा आणि पवना यांच्या संगमाजवळचे दापोडी इंग्रजी कागदांत 'दापुरी' म्हणून येते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या पलटणीचा तळ येथे होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत कॅप्टन फोर्ड हीच पलटण घेऊन पेशव्यांच्या विरुद्ध उभा राहिला. पेशवाई बुडाल्यावर, सर जॉन मॅलकम मुंबईचे गव्हर्नर असताना (१८२७-३०), दापोडीची बंगल्यांसह असलेली ही जागा सरकारकडे आली आणि तेथे वनस्पती उद्यान सुरू झाले. गव्हर्नरांचा वर्षाचा फेरा ठरलेला असे : थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात दापोडी. १८४८ ते १८५३ या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड फॉकलंड यांच्या पत्नीने आपल्या आठवणींच्या पुस्तकात या मुक्कामांविषयी लिहिले आहे.

म्हणजे आज ज्याला आपण 'हेरिटेज स्टे' म्हणतो, तो दापोडीत पावणेदोनशे वर्षांपूर्वी चालू होता. फरक एवढाच की पाहुणा एकच असे आणि खर्च रयतेच्या साऱ्यातून होई.

परंतु बागेचे मोल पाहुण्यांवर ठरत नाही. १८३८ साली तिची सूत्रे डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टराकडे आली. त्याआधी दख्खन आणि खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर असल्याने तो गावोगाव हिंडलेला होता. त्याच्या काळात दापोडीला जोड म्हणून जुन्नर तालुक्यात हिवऱ्याची बाग उभी राहिली. या बागांची कामे तीन. परदेशी झाडे येथल्या मातीत रुजतात का ते पाहणे, रुजली तर बी व रोपे लोकांना देणे, आणि सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती पिकवणे. विलायतेहून येणारे औषध महाग पडे, आणि सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासात त्याचा कसही उतरे. तेव्हा खुरासानी ओव्यासारखी वनस्पती हिवऱ्याला पिकवून तिचा अर्क काढणे हा हिशेबाचाच व्यवहार होता.

१८४७ साली गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डोंगरावरचे रान तुटले की खालचे ओढे आटतात, हे तो सरकारला सांगत राहिला. त्याच सुमारास, १८४७ ते १८५० या काळात, त्याने दापोडीच्या बागेतील व सह्याद्रीतील वनस्पतींची चित्रे काढून घेतली. दीडशेहून अधिक चित्रांचा हा संच आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहे. हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यावर ग्रंथ लिहून 'दापुरी चित्रे' हे नाव अभ्यासकांपर्यंत पोहोचवले. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढीच त्याची नोंद राहिली. नाव राहिले नाही. डाल्झेल आणि गिब्सन यांच्या १८६१ च्या 'बॉम्बे फ्लोरा'वर दोन नावे ठळक छापलेली आहेत. ज्याच्या हाताने पान न् पान उतरले, तो मात्र बिननावाचा.

पुढे सर बार्टल फ्रिअर यांनी १८६४ मध्ये गणेशखिंडीत नवा राजप्रासाद बांधायला काढला (आज ती पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत) आणि दापोडीचा मान गेला. नवे वनस्पती उद्यानही गणेशखिंडीतच झाले. आता दापोडीत मेट्रो धावते, एस.टी.ची कार्यशाळा आहे, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे.

मला या कथेत महत्त्वाचे वाटते ते असे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि देशी पेनिसिलीन तयार होऊ लागले. या पट्ट्यातील औषधनिर्मितीचा आरंभ आपण तेथून धरतो. दोन्हींचा थेट संबंध मी जोडत नाही. पण बाहेरचे औषध महाग पडते म्हणून ते येथेच करावे, हा विचार या मातीत शंभराहून अधिक वर्षे आधी एकदा राबवला गेला होता. तो परक्या सरकारच्या सोयीसाठी होता, हेही तितकेच खरे. म्हणून त्याचा गौरव करू नये, पण त्याची नोंद पुसूही नये.

दुसऱ्या दिवशी निघताना मालकांना हे सारे सांगितले. हिवऱ्याचे नाव ऐकून ते थबकले. ओसरीवर त्यांनी युरोपातल्या कुठल्याशा द्राक्षबागेचे छायाचित्र टांगले आहे. मी म्हटले, "त्याच्या शेजारी दापोडीचे एखादे चित्र लावा, आणि खाली लिहा : चित्रकाराचे नाव नोंदलेले नाही." त्यांनी वहीत ते ओळीने उतरवून घेतले आणि विचारले, "काका, तुमचं दापोडी इथून किती लांब?"

मी म्हटले, "गाडीने दोन तास. चाकणला ट्रॅफिक लागलं, तर तीन."