पहिला पेन टॅबलेट घेण्याआधी

मुळशी तालुक्यात डिझाइनच्या कामाला तोटा नाही. पौड-पिरंगुटला फ्लेक्स आणि लग्नपत्रिका लागतातच. धरणाच्या काठाने उभ्या राहिलेल्या प्रत्येक रिसॉर्टला स्वतःचं बोधचिन्ह हवं असतं. आंबेमोहोर पिकवणारा शेतकरीही आता तांदूळ स्वतःच्या नावाच्या पिशवीत विकायला बघतो. लवळ्यात सिंबायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठं आहेत, हिंजवडी याच तालुक्यात आहे. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली, हात चांगला असलेली मुलं बारावीच्या सुमारास विचारू लागतात, की टॅबलेट कुठला घ्यावा?

माझं उत्तर असं: पडदा नसलेला, शक्यतो मध्यम आकाराचा, साधा पेन टॅबलेट. पण हे उत्तर नुसतं मान्य करू नका. तो चालतो कसा हे एकदा कळलं, की खोक्यावरच्या आकड्यांतले कामाचे कुठले आणि शोभेचे कुठले हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. तुमचं रोजचं काम कोरल ड्रॉमध्ये मजकूर बसवणं आणि फोटो कापून लावणं एवढंच असेल, तर माउसवर ते उत्तम होतं. आयआयटी मुंबई घेते त्या यूसीडसारख्या प्रवेश परीक्षेची तयारी चालू असेल, तर तिथला चित्रकलेचा भाग कागदावरच काढायचा असतो. त्या वर्षी पैसे कागद-पेन्सिलीवर खर्च करा. टॅबलेट लागतो तो हाताची रेष जिथे दिसायला हवी तिथे: चित्रं, व्यक्तिरेखा, अक्षरलेखन, फोटोवरचं बारीक काम.

आता आतली रचना बघू. वॅकॉम ही जपानी कंपनी १९८३ साली सुरू झाली. तिने रुळवलेलं तंत्र आज बहुतेक पेन टॅबलेटमध्ये या ना त्या रूपात असतं. पृष्ठभागाखाली तारांची बारीक जाळी असते. ती क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार करते. पेनात तारेचं छोटं वेटोळं असतं. या क्षेत्रात आलं की त्यात वीज निर्माण होते आणि त्याच ऊर्जेवर पेन जाळीला उलट संकेत देतो. म्हणून अशा पेनाला सेल घालावा लागत नाही, चार्जही करावं लागत नाही. कुठल्या तारांवर संकेत सर्वांत ठळक आला यावरून निब कुठे आहे ते टॅबलेटला कळतं. निब दाबली की पेनातल्या मंडलाची कंप्रता किंचित बदलते, आणि त्या बदलावरून दाब मोजला जातो.

यातून उपयोगाच्या दोन गोष्टी निघतात. पेन टेकायच्या आधीच, सुमारे एक सेंटिमीटर वरून, टॅबलेटला त्याची चाहूल लागते. पडद्यावरचा बाण हवेतच हलतो आणि रेष कुठे सुरू होणार ते आधी दिसतं. दुसरं, चुंबकीय क्षेत्र कागदातून आरपार जातं. पेन्सिलीने काढलेलं कच्चं चित्र टॅबलेटवर ठेवून वरून पेनाने गिरवता येतं. कागदावरचा हात ज्यांचा पक्का आहे, त्यांनी सुरुवातीला हे जरूर करावं.

मोबाइलसाठी मिळणारा रबरी टोकाचा स्वस्त स्टायलस यात मोडत नाही. तो फक्त बोटाची जागा घेतो, त्याला दाब कळत नाही. सॅमसंगचा एस पेन मात्र वर सांगितलेल्याच तंत्रावर चालतो. ॲपल पेन्सिलचं तंत्र वेगळं आहे, तिच्यात बॅटरी असते, पण तिच्या बहुतेक मॉडेलांना दाब आणि कल दोन्ही कळतात. घरात आधीच असं उपकरण असेल तर वर्षभर त्यावरच शिका.

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा दाबाच्या पातळ्यांचा असतो: २०४८, ४०९६, ८१९२, हल्ली १६३८४. त्यात अडकू नका. साध्या ८ बिटच्या चित्रात एका रंगछटेच्या पायऱ्या असतात २५६. चाळीस पिक्सेल जाडीच्या ब्रशची जाडी दाबाने बदलली, तरी डोळ्याला त्यातले मोजकेच टप्पे जाणवतात. २०४८ पातळ्या नवशिक्याला पुरून उरतात. खरा फरक पडतो तो अगदी हलक्या स्पर्शाला पेन कधी जागा होतो यात. काही पेनांना रेष उमटवायलाच बरंच दाबावं लागतं. अशा पेनाने भुवईचा केस काढता येत नाही आणि तासाभरात मनगट भरून येतं. हे खोक्यावर सहसा नसतं, हातात घेऊनच कळतं.

दुसरा आकडा अचूकतेचा, म्हणजे इंचाला किती रेषा ओळखल्या जातात याचा. तो २५४० किंवा ५०८० असतो. २५४० म्हणजे मिलिमीटरला शंभर. छोट्या टॅबलेटची रुंदी १५२ मिलिमीटर धरली आणि लॅपटॉपचा पडदा १९२० पिक्सेलचा, तर मिलिमीटरला तेरासुद्धा पिक्सेल वाट्याला येत नाहीत. शंभर असो की दोनशे, तुमच्या रेषेत फरक पडणार नाही.

आकार मात्र नीट समजून घ्या, कारण रोजचा हात त्यावर ठरतो. टॅबलेटचा कोपरा म्हणजे पडद्याचा कोपरा, अशी ही जोडणी असते. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा सुमारे ३४५ मिलिमीटर रुंद असतो. १५२ मिलिमीटरच्या छोट्या टॅबलेटवर हात एक सेंटिमीटर हलला की पडद्यावर रेष सव्वादोन सेंटिमीटरहून थोडी जास्त सरकते. हाताची थरथरही तितकीच मोठी होते. २१६ मिलिमीटरच्या मध्यम टॅबलेटवर हेच प्रमाण सुमारे १.६ वर येतं. छोट्यावर सगळं काम मनगटातून होतं, मध्यमवर कोपरापासून हात फिरतो. वॅकॉमच्या वन बाय वॅकॉम या साध्या मालिकेत हे दोन्ही आकार आहेत. ह्युऑन आणि एक्सपी-पेन या कंपन्यांचेही जवळपासच्या आकारांचे टॅबलेट मिळतात. अगदीच हातभर मोठा टॅबलेट पहिल्यांदा घेऊ नका, टेबलावर कीबोर्डला जागा उरत नाही.

इथेच एक बारकावा पुष्कळांना छळतो. टॅबलेटची जागा बहुधा १६:१० प्रमाणात असते आणि पडदा १६:९ चा. दोन्ही जसेच्या तसे जोडले, तर हाताने काढलेलं गोल वर्तुळ पडद्यावर आडवं सुमारे ११ टक्के ताणलं जातं. नवशिका स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो; तो पहिल्याच दिवशी चालू करा. खालची एक पट्टी वाया जाते, ती जाऊ द्या.

पडद्यावरच थेट चित्र काढता येणारा टॅबलेट सगळ्यांनाच आवडतो. पण त्याची किंमत साध्या टॅबलेटच्या कित्येक पट असते, आणि पडद्याला वेगळी केबल, बहुतेकदा वेगळी वीजही लागते. एकाच सी-टाइप केबलवर चालणारे मॉडेल घेतलं, तरी लॅपटॉपचा तो पोर्ट चित्र पाठवणारा असावा लागतो. नुसता आकार जुळून भागत नाही. ताम्हिणीच्या बाजूच्या पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे मुळशीकरांना सांगायला नको. साधा टॅबलेट लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतो, त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर काम अडत नाही. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे ही सवय काही आठवड्यांत लागते. टॅबलेट पडद्याच्या बरोबर समोर, सरळ ठेवला की लवकर लागते. याच दमट दिवसांत तळहात टॅबलेटला चिकटतो. त्यासाठी दोन बोटांचा हातमोजा मिळतो, तो घ्या.

मराठी अक्षरांचं काम करायचं असेल, तर इथे थोडं थांबा. कमल शेडगे यांनी नाटकांची जी शीर्षकं रेखाटली, ती बघून अनेकांना या वाटेवर यावंसं वाटतं. पण देवनागरी सुलेखनात रेषेची जाडी दाबातून येत नाही, ती दिशेतून येते. कापलेल्या टोकाचा बोरू एका कोनात धरला की एकीकडे जाणारी रेष जाड उमटते, दुसरीकडे जाणारी बारीक. स्वस्त टॅबलेटच्या पेनाला आपण बोटांत गोल फिरलो हे कळत नाही. कल कळत असला तरी तो वेगळा. हे फिरणं ओळखणारा पेन वॅकॉमने काढला आहे, पण पहिल्या खरेदीत त्याची गरज नाही. क्रिता हे चित्र काढण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात चपट्या टोकाचा ब्रश घ्या, त्याचा कोन ४५ अंशांच्या आसपास पक्का करा आणि जाडीवरचा दाबाचा परिणाम बंद करा. बोरूचा कोन वहीत ज्या बाजूला झुकतो, त्याच बाजूला ब्रशचाही ठेवा. मग ‘क’ आणि ‘ळ’ वहीत जसे वळतात तसे पडद्यावर वळू लागतील. शिरोरेषेसाठी मात्र लांब, सलग हात फिरायला हवा, आणि मध्यम आकाराचा आग्रह मी धरतो तो मुख्यतः याच कारणाने.

पुण्यात दुकानात जाऊन घ्या किंवा वापरलेला घ्या, एक परीक्षा जरूर करा. रेष गुळगुळीत करणारी सगळी सेटिंग बंद करा, पट्टी ठेवून अगदी सावकाश तिरकी रेष ओढा. रेषेला लाटा आल्या तर तो टॅबलेट नको. चारही कोपऱ्यांत हलका ठिपका देऊन बघा. केबलची खाच हलवून बघा, वापरलेल्या टॅबलेटमध्ये पहिल्यांदा तीच सैल होते. तुमच्या लॅपटॉपच्या प्रणालीसाठी ड्रायव्हर आहे का, मोबाइलला जोडायचा असेल तर नेमकं तेच मॉडेल चालतं का, हे कंपनीच्या साइटवर आधी वाचा. आधी दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट वापरला असेल, तर त्याचा ड्रायव्हर काढून टाकल्याशिवाय नवा घालू नका. दाब अचानक बंद पडण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

निब झिजते, खरखरीत पृष्ठभागावर जास्त लवकर. टोक चपटं होऊन कडा धारदार झाली की बदला, नाहीतर टॅबलेटवर ओरखडे उठतात. सुट्या निबा खोक्यात किती येतात आणि नंतर सहज मिळतात का, हे घेतानाच विचारा. एका कंपनीचा पेन दुसऱ्या कंपनीच्या टॅबलेटवर सहसा चालत नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही चालेलच असं नाही. म्हणून मागच्या बाजूचा मॉडेल क्रमांक आजच वहीत लिहून ठेवा. पेन हरवला तर नवा मागवताना तोच लागतो.