मोफत खाटेवरच्या माणसाचं मत

सिव्हिलमधून घरी निघालेल्या पेशंटला ‘उपचार कसे वाटले?’ असं विचारलं, की तो बहुतेकदा ‘बरं झालं, देवाची कृपा’ एवढंच म्हणतो. इंजेक्शन बाहेरच्या मेडिकलमधून आणावं लागलं, रात्री हाक मारून कुणी आलं नाही, हे सगळं तो घरी पोचल्यावर सांगतो.

रुग्णाच्या म्हणण्याला कायद्याचं बळ मिळालं ते 13 नोव्हेंबर 1995 रोजी. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. पैसे मोजणारा रुग्ण ग्राहक ठरला. काही रुग्णांकडून शुल्क घेणाऱ्या रुग्णालयात मोफत उपचार घेणाऱ्यालाही हा हक्क मिळाला. मात्र जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत, ती रुग्णालयं वगळली गेली. केसपेपरचे किरकोळ पैसे भरले तरी त्यात फरक पडत नव्हता. म्हणजे ज्याला दुसरीकडे जायची ऐपतच नाही, तोच ग्राहक मंचाच्या दाराबाहेर राहिला. ही उणीव साधी नव्हे.

पुढची वीस वर्षं संथ गेली. 2015मध्ये सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ पुरस्कार सुरू झाले. 2016मध्ये केंद्रानं ‘मेरा अस्पताल’ आणलं आणि प्रश्न थेट रुग्णाच्या मोबाइलवर आला: समाधानी आहात का? नसाल तर कशामुळे? कर्मचाऱ्यांची वागणूक, अस्वच्छता, खर्च, की उपचारांचा दर्जा? पर्यायांत वागणूक आली, हे फार बरं झालं. ‘मावशी खेकसल्या’ ही तक्रार तोवर कोणत्या रकान्यात लिहायची हाच प्रश्न होता.

2018मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं रुग्णांच्या 17 हक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्रानं 2021च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना हक्कांची सनद लावणं बंधनकारक केलं.

15 ऑगस्ट 2023पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट उपचार मोफत झाले. निर्णय मोलाचाच. पण त्याच महिन्यात कळव्याच्या पालिका रुग्णालयात एका दिवसात 18 रुग्ण दगावले. ऑक्टोबर उजाडता उजाडता नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 जण गेले. त्यांत 12 नवजात बाळं होती. बरे होऊन परतलेल्यांच्या समाधानावरून हे दुखणं कळत नाही.

म्हणून डिस्चार्ज कार्ड हाती पडल्यावर कुणी मत विचारलं, तर ‘ठीक आहे’ म्हणून मोकळं होऊ नका. कोणतं औषध बाहेरून आणावं लागलं, त्याचं नाव लिहा. तारीखही लिहा.